पाचशे शब्दांचं कारण

९ जानेवारी

प्रिय वन्सं,

परवा फोनवर तुम्ही म्हणालात, "वहिनी, अर्जात पाचशे शब्द लिहायचेत ना, मग आधी मला पत्रं लिही, हात वळू दे." म्हणून हे पत्र. तसंही आमच्या घरात फोन म्हणजे जाहीर सभा. तुमचे दादा एकीकडून "काय म्हणतेय?" विचारतात, चिमणी दुसरीकडून मध्येच बोलते आणि मूळ गोष्ट राहूनच जाते.

तर मूळ गोष्ट. ग्रंथालय आणि माहितीशास्त्राच्या दोन वर्षांच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमाला अर्ज करायचं मी ठरवलंय. नोकरी करणाऱ्यांसाठी पाच जागा राखीव आहेत. वर्ग आठवड्यातून तीन दिवस, बसनं सव्वा तास. आमचे ग्रंथपाल साहेब अडीच वर्षांनी निवृत्त होतात आणि त्यांच्या जागेसाठी ही पदवी लागते. सतरा वर्षं देवघेवीच्या काउंटरवर बसून मला कपाटं पाठ झालीत, पण कागदावर मी 'सहायक' आहे आणि पदवी नसली तर सहायकच राहणार.

चिमणीनं कॉम्प्युटरवर अर्ज भरायला घेतलाय. वय ४३ टाकल्यावर पान पुढं सरकेना. ती म्हणाली, "आई, त्यालाही पटत नाहीये." मग कळलं, वरची एक चौकट रिकामी राहिली होती. तुमचे दादा अजिबात चेष्टा करत नाहीत. "कर की," एवढंच म्हणाले. याचा अर्थ ते घाबरलेत.

दोन शिफारसपत्रं लागतात, अनुभवाचा दाखला लागतो, आणि 'हा अभ्यासक्रम का करायचा आहे' यावर पाचशे शब्द. शेवटची तारीख ३१ मार्च. तुम्ही स्वतः ही पदवी घेतलेल्या, कॉलेजच्या ग्रंथपाल, म्हणून तुम्हाला माझं पहिलं लिखाण दाखवते: "मला या क्षेत्रात सतरा वर्षांचा अनुभव आहे. मला पुढे जायचं आहे." इथं संपतं. अकरा शब्द झाले, चारशे एकोणनव्वद उरलेत.

उत्तराची वाट बघते.

तुमची वहिनी


१८ जानेवारी

प्रिय वहिनी,

अकरा शब्द वाचून पोट दुखेपर्यंत हसले. अगं, असं लिहून प्रवेश मिळत नाही. त्यांच्या टेबलावर दोनशे अर्ज पडलेले असतात. वाचणाऱ्याला पहिल्या चार ओळींत धरून ठेवावं लागतं. तू डोकं शिणवू नकोस, मीच लिहून सोबत पाठवलंय. सुरुवात अशी आहे: "माझ्या लहानपणी घरात पुस्तकांची एक पेटी होती. आजोबांचा डोळा लागला की मी ती हळूच उघडायचे..." पुढं वाचक, बदलतं तंत्रज्ञान, समाजाचं ऋण, सगळं बसवलंय. मोजून पाचशे शब्द. तुझ्या आजोबांना वाचनाची आवड होती की नव्हती हे मला माहीत नाही, पण अर्जात आजोबा चालतात.

एक शिफारस तुझ्या साहेबांची घे. दुसऱ्या शिफारशीचं बघू.

माझं ठीक चाललंय. परीक्षा जवळ आल्यात, वाचनकक्षात पाय ठेवायला जागा नाही. मुलं जिन्यात बसून वाचतात. पत्र मात्र कॉलेजच्या पत्त्यावर पाठवू नकोस, तिथं टपाल कुठल्या कुठं जातं. घरीच पाठव.

दादाला म्हणावं, घाबरू नकोस, बायको शिकून पळून जात नाही.

तुझी नणंद


६ फेब्रुवारी

प्रिय वन्सं,

तुमचं लिखाण फार छान आहे. मी दोनदा वाचलं आणि दोन्ही वेळा वाटलं की या मुलीला प्रवेश द्यायलाच हवा. पण ती मी नाही. आमच्या घरी पेटी होती, तिच्यात जादा अंथरुणं होती. मी ग्रंथालयात लागले कारण ते चिमणीच्या बालवाडीसमोर होतं आणि तिथं पंखा होता. हे अर्जात लिहिता येत नाही, मान्य. पण शिकायचंय ते खरोखर कशासाठी, हे तुम्हाला सांगते. तुमच्या दादांनाही सांगितलेलं नाही.

सहा वर्षांपूर्वी आमच्याकडे नवी लोखंडी कपाटं यायची होती आणि जागा नव्हती. साहेब म्हणाले, "दहा वर्षांत एकदाही बाहेर न गेलेली पुस्तकं काढ आणि यादी कर." मी केली. मागच्या खोलीत इथल्या जुन्या साप्ताहिकाचे बांधीव खंड होते, एकतीस. त्यांच्या मागच्या पानांवर एकही शिक्का नव्हता. ते घरी न्यायला द्यायचेच नव्हते, तिथंच बसून बघायचे होते, मग शिक्का येणार कुठून? पण हे मला कोणी सांगितलं नव्हतं आणि मी कोणाला विचारलं नाही. शिक्का नाही म्हणजे कोणाला नको, असं धरून चालले. साहेबांनी यादी न वाचता सही केली. रद्दीचा टेम्पो आला तेव्हा गठ्ठ्यांना दोऱ्या मीच बांधल्या.

ते साप्ताहिक कधीच बंद पडलंय. मालकांच्या घरात पाणी शिरलं तेव्हा त्यांच्याकडचे अंक गेले. दुसरी प्रत कुठंच नाही, हे मला मागून कळलं.

चार वर्षांपूर्वी एक म्हाताऱ्या बाई आल्या, शिवणकाम करणाऱ्या. कधीकाळी इथल्या कारखान्यात बॉयलर फुटला होता. त्यात त्यांचा एकोणीस वर्षांचा भाऊ गेला. मेलेल्यांची नावं त्या साप्ताहिकात छापून आली होती. "तेवढा एक अंक बघायचाय," म्हणाल्या. मी म्हटलं, "खंड बाइंडिंगला गेलेत." असं का म्हटलं, माहीत नाही. तोंडातून निघून गेलं. त्यांनी एका चिठ्ठीवर पत्ता लिहून दिला, आले की कळवा म्हणून. दोन महिन्यांनी परत आल्या. "आले का हो?" मी म्हटलं, "अजून नाही." तिसऱ्या वेळी मी त्यांना फाटकातून येताना पाहिलं आणि मागच्या खोलीत जाऊन बसले. शिपायानं त्यांना सांगितलं, बाइंडिंगला आहेत. त्यानंतर त्या आल्या नाहीत.

वन्सं, काय ठेवायचं आणि काय टाकायचं हे ठरवायचं काम मी सतरा वर्षं करतेय आणि ते मला येत नाही. म्हणून शिकायचंय. साहेबांची जागा हवी आहेच, नको म्हणण्याचा आव आणत नाही. पण माझे पाचशे शब्द हे आहेत.

तुमची वहिनी


१४ फेब्रुवारी

वहिनी,

हे लिहू नकोस. कडक बोलतेय, पण तुझ्या भल्यासाठी.

जुनी पुस्तकं सगळेच काढतात. चुका सगळ्यांच्याच हातून होतात. पण स्वतःच्या हातानं आरोपपत्र लिहून समितीपुढं ठेवणारा उमेदवार मी अजून पाहिलेला नाही. आणि यादीवर सही साहेबांची आहे, हे विसरतेस. अडीच वर्षांवर आलेली त्यांची निवृत्ती तुझ्या पाचशे शब्दांत अडकेल. हेच साहेब तुला शिफारस देणार आहेत ना?

त्या बाईंना तरी आता काय उपयोग? अंक काही परत येत नाही. मनाला लागलंय तर मला लिही, हवं तेवढं लिही. अर्जात पेटीच राहू दे.

घाईत आहे. इथं वार्षिक तपासणी चालू आहे, एकेक पुस्तक हातात घेऊन मोजावं लागतं.

तुझी नणंद


३ मार्च

प्रिय वन्सं,

रागावू नका, मी तुमचं निम्मंच ऐकलं. साहेबांना अंधारात ठेवायचं नाही, एवढं. माझे पाचशे शब्द घेऊन त्यांच्या खोलीत गेले. तुलनेसाठी पेटीवालाही कागद नेला. त्यांनी दोन्ही उभ्यानंच वाचले.

"यात माझं नाव नाही," म्हणाले.

"नाही."

"पण त्या वर्षी ग्रंथपाल कोण होतं, असं कोणी विचारलं तर?"

"तर सांगावं लागेल."

ते चष्मा पुसत बसले. मग म्हणाले, "अनुभवाचा दाखला देतो, तो तुझा हक्क आहे. शिफारस नाही देणार. हा पेटीचा कागद पाठवणार असशील तर आत्ता लिहून देतो." मी पेटीचा कागद उचलला आणि बाहेर आले. दाखला संध्याकाळी टेबलावर आला, एकही शब्द कमी नाही की जास्त नाही.

रविवारी त्या बाईंकडे गेले. चिठ्ठी माझ्या खणात होती, चार वर्षं. तिसऱ्या मजल्यावर दोन खोल्या, खिडकीपाशी शिलाई मशीन, बाजूला शाळेच्या गणवेशांचा ढीग. त्यांनी मला ओळखलं. मी उभ्या उभ्याच सांगितलं, "खंड बाइंडिंगला गेले नव्हते. मी ते रद्दीत दिले."

त्यांनी हातातली शिवण पुरी केली, दोरा तोडला. "कधी?"

"तुम्ही पहिल्यांदा आलात त्याच्या दोन वर्षं आधी."

"मग मला दोन-दोन बस बदलून तीनदा का आणलंस?"

पुढचा गणवेश ओढून घेत त्याच सांगायला लागल्या. त्यांच्या आईला वाचता येत नव्हतं. कोणीतरी तिला ती यादी वाचून दाखवली, तर मुलाचं नाव बरोबर पण आडनाव भलतंच आलं. तेवढ्यावरून आईनं धरून ठेवलं की गेला तो दुसऱ्याच कोणाचा, आपला कुठंतरी निघून गेलाय. मरेपर्यंत ती त्याचं ताट वेगळं काढायची. "मला एवढंच बघायचं होतं," त्या म्हणाल्या, "की छापणाऱ्यानं चूक केली होती, का वाचणाऱ्यानं."

मला पाणी दिलं. निघताना दारात म्हणाल्या, "सांगायला आलीस ते बरं केलंस. आता परत नको येऊस."

माझ्या पाचशे शब्दांची प्रत सोबत ठेवलीय. तर आता शिफारशी. एक समोरच्या शाळेच्या मुख्याध्यापिका देतायत, त्यांच्या मुलांना मी दर शनिवारी पुस्तकं काढून देते. दुसरी तुम्ही द्या. अर्जात लिहिलंय, 'उमेदवाराशी रक्ताचे नाते नसलेली, ग्रंथालय क्षेत्रातील व्यक्ती'. आपलं रक्ताचं नातं नाही, हे इतक्या वर्षांत पहिल्यांदाच उपयोगी पडतंय. तुमच्या कॉलेजच्या लेटरहेडवर चार ओळी पुरेत.

तुमची वहिनी


११ मार्च

प्रिय वहिनी,

लेटरहेड माझ्याकडे नाही. कॉलेजचं ग्रंथालय तीन वर्षांपूर्वी बंद झालं. वाचनकक्षात कॉम्प्युटर बसवले, पुस्तकं तळघरात उतरवली आणि मला पुष्पगुच्छ दिला. आता मी एका माल वाहतूक कंपनीत बसते. कुठला ट्रक किती वाजता सुटला, कुठं अडकला, कधी पोचला, याच्या नोंदी करते. जिन्यात बसून वाचणारी मुलं खोटी नव्हती गं, पण जुनी होती. वार्षिक तपासणीही जुनीच.

दादा येईल त्याला सांगतो, "माझी बहीण ग्रंथपाल आहे." आधी वाटलं, दुसरीकडे लागले की सांगू. तीन ठिकाणी मुलाखती दिल्या. एका ठिकाणी म्हणाले, आम्हाला तरुण माणूस हवाय. मग सांगायचं राहूनच गेलं, आणि राहून गेलेली गोष्ट दर महिन्याला जड होत गेली.

तुझं सहा फेब्रुवारीचं पत्र वाचून मला तुझा राग आला होता. तो कशाचा होता, हे आता तुझ्याही लक्षात आलं असेल.

शिफारस साध्या कागदावर लिहून सोबत जोडली आहे. खाली 'माजी ग्रंथपाल; सध्या ग्रंथालयात कार्यरत नाही' असं स्पष्ट लिहिलंय. त्यांनी ती बाजूला टाकली तर मला दोष देऊ नकोस. आणि तुझे पाचशे शब्द मी परत वाचले. दोन ठिकाणी क्रियापद चुकलंय, तेवढं सुधारलं. बाकी काही हलवलं नाही.

दादाला सांगू नकोस.

तुझी नणंद


२७ मार्च

प्रिय वन्सं,

अर्ज काल गेला.

तुमच्या दादांना मी काही सांगितलेलं नाही आणि सांगणार नाही. ते तुमचं तुम्ही सांगा, पण सांगा. माझं मात्र त्यांना वाचायला दिलं. अर्ज पाठवण्याआधी घरच्या माणसानं वाचू नये, हे बरं दिसेना. त्यांनी शर्टाला इस्त्री करता करता वाचलं, बाही जळता जळता वाचली. मग म्हणाले, "हे सहा वर्षं पोटात ठेवून तू माझ्याशी रोज ओल्या टॉवेलवरून भांडत होतीस?" मी म्हटलं, "टॉवेल वेगळा." आज सकाळी मात्र टॉवेल दोरीवर दिसला.

तुमचं ऑफिस किती लांब पडतं? डबा नेता का?

तुमची वहिनी


२१ जून

प्रिय वन्सं,

मुलाखत झाली. गोल टेबल, तीन माणसं: एक विभागप्रमुख बाई, एक जाडजूड प्राध्यापक आणि एक तरुण, जो सारखा काहीतरी लिहून घेत होता.

बाईंनी विचारलं, "त्या शिवणकामवाल्या बाईंनी तुम्हाला माफ केलं?"

"मी माफी मागितली नाही. मागितली असती तर त्यांना आणखी एक काम लावल्यासारखं झालं असतं."

प्राध्यापक म्हणाले, "उद्या परत कपाटं भरली. काय काढाल?"

"आधी विचारीन."

"कोणाला?"

"ज्याला माहीत असेल त्याला."

"आणि कोणालाच माहीत नसेल तर?"

"तर काढणार नाही."

"मग तुमची कपाटं जन्मात रिकामी व्हायची नाहीत."

"म्हणून तर आले," मी म्हटलं. कोणी हसलं नाही. मग त्या तरुणानं तुमची शिफारस वर काढली. "या सध्या ग्रंथालयात काम करत नाहीत. मग यांचीच शिफारस का?"

मी म्हटलं, "त्यांना हे काम येतं, म्हणून."

त्यानं ते लिहून घेतलं. ग्रंथपाल कोण होतं, हे कोणी विचारलंच नाही. पाच मिनिटांत बाहेर. बाहेर बाकावर एक मुलगी डोळे मिटून स्वतःच्या आजीबद्दल काहीतरी पाठ करत होती. मला वाटतं तिचं होईल.

यादी जुलैत लागते.

तुमची वहिनी


३० जुलै

प्रिय वन्सं,

यादीत माझं नाव नव्हतं. प्रतीक्षा यादीत दुसरं होतं. चिमणी म्हणाली, "दुसरी म्हणजे जवळपास पहिलीच," आणि तुमचे दादा म्हणाले, "पुढच्या वर्षी बघू," म्हणजे दोघांनीही आशा सोडली होती. मग एका उमेदवाराला दुसऱ्या गावी बढती मिळाली आणि प्रतीक्षा यादीतल्या पहिल्याचा दाखला वेळेत आला नाही. चोवीस तारखेला फोन आला. मी काउंटरवर होते. एका वाचकाला "जरा थांबा हं" म्हणून मागच्या खोलीत गेले, दोन मिनिटं भिंतीला टेकून उभी राहिले आणि परत येऊन त्याची पावती केली.

दुसऱ्या दिवशी रजेचा अर्ज घेऊन साहेबांकडे गेले. आठवड्यातून तीन दिवस, दोन वर्षं. त्यांनी तो बाजूला ठेवला आणि शिपायाला जुनी दाखल नोंदवही आणायला सांगितली. मला म्हणाले, "आकडे वाच." मी एकतीस खंडांचे दाखल क्रमांक एकेक करून वाचले आणि त्यांनी प्रत्येकापुढे लाल शाईनं लिहिलं: 'चुकीने बाद'. शेवटी पूर्ण सही केली आणि त्या दिवशीची तारीख घातली. तपासणीत हे कोणीही उघडून बघू शकतं, हे त्यांना ठाऊक आहे. मग माझ्या रजेवर सही केली. "शिफारस द्यायला हवी होती," एवढंच बोलले, आणि मला वाटतं तेही त्यांना पुष्कळ झालं.

आता एक विचारायचंय. त्या तीन दिवसांसाठी काउंटरवर हंगामी माणूस लागणार. साहेब म्हणाले, कोणी जाणकार असेल तर बघ. तुमची पदवी माझ्यापेक्षा मोठी, हे मला कळतं. राहायला घर आहे. चिमणीची खोली तुमच्याबरोबर वाटून घ्यावी लागेल, आणि ती रेडिओ लावून झोपते. विचार करा.

तुमची वहिनी


१९ ऑगस्ट

प्रिय वहिनी,

प्रवेशाचं वाचून इतका आनंद झाला की शेजारच्या टेबलावरच्या हिशेबनिसाला सांगितलं. त्याला काही कळलं नाही, पण त्यानं हात मिळवला.

तुझ्या काउंटरवर मी येणार नाही. मान-अपमान म्हणून नव्हे, तसं समजू नकोस. मला ते ट्रक बरे वाटायला लागलेत. सकाळी सुटलेली गाडी संध्याकाळी पोचली की पोचली, तिचा विषय संपतो. ग्रंथालयात काहीच संपत नाही. ते सगळं पुन्हा अंगावर घ्यायची माझी तयारी नाही. तू घे.

दादाला मी मंगळवारी फोन केला आणि सांगितलं. तो म्हणाला, "ट्रक कुठंकुठं जातात?" अर्धा तास मला रस्त्यांची नावं विचारत बसला. फोन ठेवताना म्हणाला, "आता लोकांना सांगायला नवं काहीतरी मिळालं." तुझ्याकडे तो काय बोलला, ते मला कळवू नकोस.

आमच्या ऑफिसच्या मागच्या गल्लीत एक लहान ग्रंथालय आहे. तीन वर्षं मी त्याच्यासमोरून न जाता पलीकडच्या फुटपाथनं जायचे. काल दुपारच्या सुट्टीत आत गेले आणि सदस्यत्वाचा अर्ज मागितला. काउंटरवर पंचविशीची मुलगी होती, तिच्या टेबलावर फुटलेला स्टँप पॅड आणि अर्धवट खाल्लेलं सफरचंद. तिनं आधीच माफी मागून टाकली, "मागची रांग विस्कटलीय हं, माणूस नाहीये." मी मागं गेले. इतिहासात पाककला, पाककलेत कोश, सगळा गोंधळ. हात शिवशिवले. दीड खण लावून झाला तेव्हा बघितलं, तर ती माझ्यामागं उभी होती.

"तुम्ही आधी कुठं होता?"

"कॉलेजात. ग्रंथपाल होते. ते बंद झालं."

इतकं सोपं होतं, वहिनी. अनोळखी मुलगी, तिला काय फरक पडणार होता!

ती लगेच म्हणाली, "मग उरलेले खणही लावून देता?"

"नाही," मी म्हटलं. "मी आज वाचायला आलेय."

एक पुस्तक काढलं आणि खिडकीजवळच्या खुर्चीत बसले. सुट्टी संपली तेव्हा पन्नासाव्या पानावर होते. ऑफिसला चाळीस मिनिटं उशीर झाला.

तुझी नणंद